टाय ज्याच्या हातात

आमच्या घरात निर्णय आधी होतो आणि बैठक नंतर बसते. बैठकीचं काम एवढंच, की झालेल्या निर्णयाला सगळ्यांनी मिळून मान डोलवायची आणि मग गोड खायचं.

या बुद्धपौर्णिमेला गोड आधी झालं, आणि तिथेच काकाचं चुकलं.

सकाळी विहारात वंदना करून आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत चार मजले चढून वर आलो होतो. आमच्या इमारतीची लिफ्ट चालू असताना बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. जेवणं झाली, खिरीचं पातेलं खरवडून झालं, अण्णा गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसले, आणि सौरभकाकाने बॅगेतून एक लांबट खोका काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"उघड."

आत टाय होता. मरून रंगाचा, पिवळ्या तिरक्या पट्ट्यांचा.

"युनिफॉर्म जूनमध्ये मिळेल," काका म्हणाला. "टाय आधी मिळाला. कोथरूडला नववीची सीट पक्की झाली, अप्पू! एसी वर्ग, रोबोटिक्सची लॅब, सगळं इंग्लिशमध्ये. शनिवारपर्यंत आमच्याकडे राहायचं, रविवारी इकडे. अण्णांची इच्छा पूर्ण झाली बघ."

अण्णांनी खालच्या रस्त्याकडे बघत मान हलवली. अण्णांची मान तशी दिवसभर थोडी हलतेच. मार्केट यार्डात आयुष्यभर पोती वाहिलेली मान आहे ती. ती हो म्हणते की नाही, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवायचं.

पप्पांनी टाळी वाजवली. आजीने माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. आई पातेलं घासायला उठली, म्हणजे तिला काहीतरी वाटलं होतं, पण काय ते फक्त पातेल्याला कळणार होतं. दीपालीकाकी मोबाइलकडे बघत राहिली, आणि मोबाइल बंद होता.

सहावीतली मी असते तर टाय गळ्यात घालून "थँक्यू काका" म्हणाले असते आणि नंतर उशीत तोंड खुपसलं असतं. सहावीत मी वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायचे, की बाई दोनदा विचारायच्या, "अपेक्षा आहे की नाही?" आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "आहे बाई, पण ठेवू नका."

"मला नाही जायचं," मी म्हणाले.

आतला पातेलं घासायचा आवाज थांबला. पंखा तेवढा बोलत राहिला.

"नाही म्हणजे?" काकाने विचारलं, जणू त्याच्या लॅपटॉपनेच त्याला उलट उत्तर दिलं होतं.

"म्हणजे मी नवप्रभातमध्येच राहणार. नववीसुद्धा."

नवप्रभात विद्यालय ही आमची शाळा, महापालिकेची. इमारत पिवळी, गेट निळं, आणि घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. यंदा नववीला तिथे नवे कोर्स सुरू होतायत. आरोग्यसेवा आहे, गच्चीवर रोपवाटिका आहे (जमीन नाही म्हणून गच्चीवर), आणि वीजकाम आहे. मी वीजकामाला नाव दिलंय. आणि शनिवारी असतो भाग्यश्री बाईंचा 'न्यायाचा तास'. संविधानाची उद्देशिका सगळ्याच शाळांत पाठ करतात. आमच्या बाई म्हणतात, पाठ झालं ना? मग आता ती या वर्गात कुठे दिसते ते शोधा. शोधलं तर निघालं की झाडू कायम मुलींच्या हातात. आम्ही ते बदललं. एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले, "माझा मुलगा शाळेत झाडायला येतो का?" बाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि चहा झाल्यावर कप विसळायचा नळ कुठे आहे ते दाखवलं.

काकाला यातलं काही माहीत नव्हतं असं नाही. याच तासाच्या गृहपाठाने आमच्या घरात 'शेवटी कोण जेवतं' हे प्रकरण पेटलं होतं. तेव्हा पप्पांनी आठवडाभर आईऐवजी शेवटी जेवायचं ठरवलं, आणि आधी चव बघायच्या नावाखाली रोज दोनदा जेवले.

"हे बघ," काका म्हणाला, "तुझं ते न्याय-बिय ठीक आहे. पण जगात गेल्यावर कुणी विचारत नाही झाडू कुणी मारला. विचारतात शाळा कुठली."

"आणि अण्णांची इच्छा आहे," पप्पा म्हणाले.

"तुमच्या आईचीसुद्धा हाय," आजी म्हणाली. "पण मला कोन विचारतंय?"

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. वीजकाम सुरू व्हायच्या आधीच.

"ठीक आहे," मी म्हणाले, "बैठक घेऊ. पण आमच्या शाळेच्या पद्धतीने. तुझी शाळा जिंकली तर मी टाय घालून खाली सगळ्यांना दाखवून येईन."

काका हसला. काकाला पैज आवडते. तो राहतो कोथरूडला, नोकरी करतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला, म्हणजे खरं पाहता राहतो दोन्हींच्या मधल्या सिग्नलला. तिथे बसून बसून तो शेजारच्या गाडीशीसुद्धा पैजा लावतो. "चालू दे तुमची लोकशाही," तो म्हणाला. "काय नियम?"

मी सांगितले. गोल बसायचं. डस्टर ज्याच्या हातात, तोच बोलणार. एकदा बोललं की सगळ्यांचं होईपर्यंत तोंड बंद. आणि सुरुवात करायची ज्याचं सगळ्यात कमी चालतं त्याने, मग त्याच क्रमाने वर जायचं. बाई म्हणतात, मोठ्या आवाजाचा माणूस आधी बोलला की लहान आवाजाची वाक्यं पोटातच वाळतात.

"डस्टर कुठंय?" पप्पांनी विचारलं.

डस्टर नव्हता. म्हणून आम्ही टाय घेतला.

"आणि कमी कुणाचं चालतं हे कसं ठरवायचं?" काकीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि त्या माणसाकडे बोट दाखवायचं. मी चालवणार, म्हणून मला मत नाही. मी बघणार."

आता माझा डाव सांगते. मला शेवटी बोलायचं होतं. शेवटचं वाक्य लोकांच्या लक्षात राहतं, हे मला टीव्हीवरच्या चर्चांनी शिकवलंय. काका महिनाभर त्या शाळेचं कौतुक करत होता, तेव्हापासून माझ्याकडे शेवटचं भाषण तयार होतं, सुरुवातीला आवाज हळू आणि मग चढत जाणारा. माझा अंदाज होता की सगळे काकीकडे किंवा आईकडे बोट दाखवतील, आणि मी मजेत बसून राहीन.

"डोळे मिटा. दाखवा बोट."

मी बघितलं, आणि हसू आवरायला ओढणी तोंडात कोंबली.

पप्पांचं बोट पप्पांच्या छातीवर. आईचं आईच्या. आजीने तर दोन्ही हातांनी स्वतःला दाखवलं होतं. काकीचं बोट तिच्या गळ्यातल्या पेंडंटवर. आणि काका! ज्याने आत्ताच माझं आयुष्य खोक्यात घालून आणलं होतं, तो काका डोळे गच्च मिटून, चेहरा पाडून, स्वतःच्या काळजाकडे बोट करून बसला होता.

फक्त अण्णांचं बोट बाहेर होतं. ते माझ्याकडे होतं.

आता एक नियम मी सांगितला नव्हता, कारण वर्गात तो कधी लागला नव्हता: स्वतःकडे केलेलं बोट धरायचं नाही. घरात हा नियम माहीत असलेली मी एकटी. गप्प बसून "काकी, तू आधी" म्हणाले असते तर कुणाला काय कळणार होतं? कुणाला नाही. भाग्यश्री बाई तर त्या वेळी त्यांच्या घरी खीर खात असणार.

पण कसं कोण जाणे, त्या मला दिसल्या. कप हातात घेऊन, नळाकडे बघत.

"डोळे उघडा," मी म्हणाले. माझाच आवाज मला रडका वाटला. "सगळ्यांनी स्वतःलाच दाखवलंय. ती मतं बाद. उरलं एक. अण्णांचं. ते माझ्याकडे आहे."

आधी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग एकमेकांच्या बोटांकडे, आणि मग जो गलका झाला!

"दादा, तुझं कमी चालतं? तुझं?"

"सौऱ्या, तू बोलू नकोस. वॉशिंग मशीन आमच्या घरात, पण लागलं तू म्हणालास त्या भिंतीला."

"माझं चाललं असतं तर तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं असतं," आई म्हणाली.

"माझं चाललं असतं तर लग्नच ह्या घरात केलं नसतं," आजी म्हणाली. अण्णा रस्त्याकडे बघत हसले. अण्णांना ऐकू येत नाही ते फक्त घरातलं, आणि तेही सोयीने.

टाय माझ्या हातात आला. भाषण शेवटचं होतं, पहिलं माझ्याकडे नव्हतंच. हळू आवाजाने सुरू करायचं तर सगळ्यांचे चेहरे इतके जवळ, की हळूचा उपयोग नाही.

"मला वीजकाम शिकायचंय," मी म्हणाले. "आणि शनिवारचा तास सोडायचा नाहीये. मी आधी बोलत नव्हते, तुम्हाला माहितीये. आता बोलते, तर तुम्हीच म्हणता जरा गप्प बस. ते बोलणं त्या शाळेत आलं. बस. झालं."

झालं! एवढंच! चढता आवाज, टाळ्या, सगळं राहिलं. आणि आता नियमाने तोंड बंद. हा नियम कुणी काढला? आमच्याच शाळेने.

पुढचा क्रम बसल्या जागेप्रमाणे. टाय आईकडे गेला.

आई सकाळी भाजी चिरताना मला म्हणाली होती, "काकाचं काय घेऊन बसलीस, मी आहे ना." त्यामुळे मी निश्चिंत होते. आईने टाय पदराला पुसला, पदर स्वच्छ असूनही, आणि म्हणाली, "जाऊ दे तिला भाऊजींकडे."

मी तोंड उघडलं. पप्पांनी बोट दाखवलं: नियम! मी मिटलं.

त्या क्षणी आई मला शत्रुपक्षात दिसली. पण आता मी तिच्या डोक्यात जाऊन आलेय, म्हणून सांगते. आई शिवणकामाच्या कारखान्यात दिवसभर मशीनच्या आवाजात बसते. घरी आल्यावर तिला दिसतं ते हे: बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत कुकर, आणि मध्ये जमिनीवर पाटावर वही ठेवून मी. कोथरूडच्या घरी एक खोली आहे. तिला दार आहे, आणि ते आतून लागतं.

"मला शाळेचं काय कळत नाही," आई म्हणाली. "शाळा चांगलीच आहे तिची. पण हिला एक टेबल पाहिजे. आणि दार. मला कधी मिळालं नाही, म्हणून मला माहीत आहे काय असतं ते."

एवढं बोलून तिने टाय काकीकडे असा फेकला, जणू तो गरम होता.

काकीने टायची घडी घातली, मोडली, परत घातली. काकी बँकेत आहे, नोटा मोजायची बोटं आहेत. घरात सगळ्यांना वाटतं की ती आमच्याकडे येते, बसते, आणि केव्हा निघायचं याकडे लक्ष ठेवते. मलाही वाटायचं.

"मला ती हवीये," काकी म्हणाली. "शाळेसाठी नाही. सौरभ घरी येतो तेव्हा सोसायटीतली कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. मी संध्याकाळी टीव्ही लावते तो बघायला नाही, आवाजाला. ही आली की बोलते. न थांबता बोलते. मला ते आवडतं." मग जरा थांबून, "त्या शाळेत ती खूश राहील की नाही, मला माहीत नाही, ताई. मी त्याचा विचारच केला नव्हता."

काका तिच्याकडे बघत राहिला. ही बातमी त्यालाही नवीन होती. आईशी मी मनातल्या मनात भांडू शकत होते, काकीशी नाही. आणि तोंड बंद! एखाद्या बोलक्या माणसाला शिक्षा द्यायची असेल तर त्याला उपाशी ठेवू नका. त्याच्या डोळ्यांसमोर लोकांना खरं बोलू द्या.

पप्पांनी टाय हातात घेतला आणि पहिल्यांदा तो गळ्यात घालून बघितला. पप्पा टेम्पो चालवतात, त्यांच्या गळ्यात टॉवेल असतो. "कसा दिसतो?"

"लग्नातल्या बँडवाल्यासारखे," आई म्हणाली.

"नियम!" सगळे एकदम ओरडले.

"माझं एकच म्हणणं," पप्पा म्हणाले. "मघाशी मी सौऱ्याच्या बाजूने टाळी वाजवली. ती घाईत वाजली. टेबलाचं म्हणशील तर ते काय, टेम्पोच्या जुन्या फळ्या पडल्यात, गॅलरीत घडीचं टेबल होईल. दाराचं बघावं लागेल. पण मला एक सांगा, ही कोथरूडला गेली तर मला 'पप्पा, इंडिकेटर द्या' कोण म्हणणार?" आणि टाय काढता काढता त्यांनी तो असा ओढला, की गाठच बसली. ती सोडवायला आजीचे दात लागले.

आजी आजवर काकाच्या विरुद्ध कधी गेली नाही. धाकटा लेक. वॉशिंग मशीनच्या भांडणातसुद्धा ती त्याच्या बाजूने होती, आणि मशीन त्याने आणलं नव्हतं. तिने टाय नाकापुढे धरून नीट पाहिला.

"ही दोरी घातल्यावर पोरीला इंग्रजी येतं का? न्हाई, मला म्हाईत न्हाई म्हनून इचारते." मग काकाकडे वळून, "तू त्याच निळ्या गेटातून आत गेलास, सौरभ. मीच सोडायची. घंटा वाजली की तू पळायचास, मागं वळून बघायचा न्हाईस. मला लई राग यायचा. पोरगं आईला टाटा करत न्हाई! इतकी गोडी व्हती तुला. ती कुठं गेली, एवढंच सांग."

आणि टाय काकाकडे आला.

आता मी काकाच्या डोक्यात जाते. परवानगी मागत नाही. माझी सीट घेताना त्यानेही मागितली नव्हती.

काकाच्या ऑफिसमध्ये दुपारी पॅन्ट्रीत कॉफी मशीनजवळ लोक उभे राहतात. बोलता बोलता शाळा निघते. कुणी म्हणतं आमच्या शाळेचं ग्राउंड, कुणी म्हणतं आमचे फादर अमुक. मग कुणीतरी कप फुंकत विचारतं, "सौरभ, तू कुठल्या शाळेचा?" अगदी सहज विचारतं, वाईट मनात काही नसतं. आणि काकाला वाटतं, उत्तर दिलं की पुढचे प्रश्न येतील. कुठे राहायचास, वडील काय करायचे, कुठल्या कोट्यातून. ते येतीलच असं नाही. पण एकदा आले होते.

"मी नाव सांगत नाही," काका टायच्या पट्ट्या बघत म्हणाला. "शाळेचं नाव विचारलं की मी खोकतो. खोकला लांबला की विषय बदलतो."

काकीला नियम माहीत होता, तरी तिच्या तोंडून निघालंच, "म्हणून? अरे, मला लग्नाआधी वाटायचं तुला दमा आहे! मी ज्येष्ठमधाच्या कांड्या आणायचे तुझ्यासाठी!"

"मी खायचो त्या," काका म्हणाला. "सगळ्या."

आम्ही हसलो. काकासुद्धा हसला, पण मग थांबला.

"हिने खोकू नये, एवढंच होतं माझं. बाकी रोबोटिक्स वगैरे मी ब्रोशर वाचून बोललो. आणि अण्णांची इच्छा होती."

टाय अण्णांकडे गेला. अण्णांनी खुर्ची आत वळवली. इतका वेळ जो माणूस रस्त्यावरची हातगाडी बघत होता, त्याला शब्दन् शब्द ऐकू आला होता.

"माझी कंची इच्छा?" अण्णा म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होता अण्णा. इंग्रजी शाळेत घालायला पाहिजे होतं."

"म्हनलो व्हतो. तू पाचवीत व्हतास तवा. तुझ्यासाठी म्हनलो व्हतो." अण्णांनी टाय खांद्यावर टाकला, पोत्याखाली टॉवेल टाकायचे तसा. "तू इंजिनेर झालास, त्या दिवशीच ती इच्छा फिटली. पोतं उतरवलं की हमाल मोकळा हुतो, सौरभ. तू अजून ते घेऊन फिरतोयस, आन आता ह्या पोरीच्या डोस्क्यावर द्याया निघालास. तिला तिचं वझं असंल की न्हाई?"

काकाने रिकामा खोका उचलून त्याला झाकण लावलं.

"ह्या खेळात मी हिच्याकडं बोट का केलं, कुनी इचारलं न्हाई," अण्णा पुढे म्हणाले. "टाय हिचा, शाळा हिची, आन सीट पक्की झाल्याचं हिलाच सगळ्यांत शेवटी कळलं. आता सगळ्यांचं झालं नव्हं? मग पयल्याचा नंबर पुन्हा येतो का?"

येतो! मीच सांगितला होता नियम, सगळ्यांचं होईपर्यंत तोंड बंद, आणि मीच विसरले होते. म्हणजे शेवटचं बोलणं माझंच होतं. अण्णांनी टाय माझ्याकडे दिला, आणि माझं तयार भाषण, हळू आणि मग चढत जाणारं, जिभेवर येऊन उभं राहिलं.

पण ते आधीच्या बैठकीसाठी लिहिलेलं होतं. ज्या बैठकीत काका खलनायक होता, आई माझ्या बाजूने होती आणि काकीला कंटाळा आला होता. ती बैठक झालीच नव्हती.

"काकी," मी म्हणाले, "मला तुझ्याकडे यायचंय. शाळेसाठी नाही. शनिवारी तास सुटला की मी बसने येईन, आणि रविवारी रात्री पप्पा टेम्पोतून आणतील. आल्यापासून बोलेन. तू थांबवलंस तरी."

काकीने नाक ओढलं आणि मोबाइल उघडून बघितला. आता तो चालू होता.

"आई, गॅलरीत टेबल होईल. त्यावरच्या दिव्याची वायर मी ओढणार, पण नववी सुरू झाल्यावर, आत्ता नाही. दाराच्या जागी सध्या पडदा. पडदा लागलेला असला की कुणी आत यायचं नाही. अण्णा, तुम्हीसुद्धा."

"ऐकू आलं न्हाई," अण्णा म्हणाले.

"आणि काका, बाई जुन्या विद्यार्थ्यांना शनिवारी बोलवतात. कुणी येत नाही. बहुतेक सगळे खोकत असतील. तू ये."

काकाने टायकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि मी या सगळ्या इमारतीला सांगून बसलोय त्याचं काय? सकाळी चढताना प्रत्येक मजल्यावर सांगितलं!"

"म्हणून एवढा उशीर झाला होय," आई म्हणाली. "मला वाटलं, दम लागला."

ऊन उतरल्यावर काका-काकी निघाले. आम्ही सगळे गॅलरीत उभे राहिलो. बोलून झाल्यावर मी टाय परत अण्णांच्या खांद्यावर टाकला होता, तो तिथेच राहिला, कुणी मागितला नाही. काका गाडीजवळ पोहोचला आणि तळमजल्यावरच्या गोदाबाई पायरीवर लसूण सोलत बसलेल्या. गोदाबाईंना कळलं म्हणजे मार्केट यार्डला कळलं.

"काय रे सौरभ, मग पोरगी जानार ना तुमच्याकडं, मोठ्या शाळेत?"

काकाच्या खांद्यावरून मला चौथ्या मजल्यावरूनही कळलं. तो खोकला. सवयीने. काकीने गाडीची काच खाली घेतली आणि काही न बोलता पर्समधून एक ज्येष्ठमधाची कांडी काढून त्याच्यापुढे धरली. ती अजून जवळ ठेवत होती! काकाने कांडीकडे बघितलं, काकीकडे बघितलं, आणि ती घेतली नाही.

"नाही मावशी," तो म्हणाला. "आमच्याच शाळेत राहणार आहे ती."

"आमच्याच म्हंजी कंच्या?"

"नवप्रभात. महापालिकेची. निळ्या गेटाची. मी तिथलाच आहे."

"हे आमाला म्हाईत न्हाई व्हय रे? तुझी नाकं पुसलीत मी तिथं," गोदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या.

काका दार उघडून आत बसणार, तेवढ्यात माझ्या शेजारून अण्णांनी कठड्यावर वाकून, यार्डात ट्रकवाल्याला हाक मारायचे त्या आवाजात विचारलं,

"काय म्हनलास? कंची शाळा? ऐकू आलं न्हाई!"

अण्णांचे कान उत्तम आहेत. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, काकालाही. त्याने वर बघितलं. सगळ्या मजल्यांच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली होती, आणि सगळ्यात वर अण्णांच्या खांद्यावर तो मरून टाय वाऱ्याने हलत होता.

काकाने दार पुन्हा लावलं, दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि शाळेचं नाव पहिल्यापासून सांगितलं.

या वेळी आवाज चढत गेला. हळूने सुरू होऊन, अगदी माझ्या भाषणासारखा.